मातीवरचे ठसे दिसेपर्यंत: वॉलेस-ग्रोमिटचे जुने लघुपट घरी नीट पाहण्यासाठी मार्गदर्शक

१९९६ साली माझे काका ब्रिटनमधले काम आटोपून ठाण्याला परतले, तेव्हा त्यांच्या बॅगेत चॉकलेटांच्या डब्याखाली एक व्हिडिओ कॅसेट होती. ‘द राँग ट्राउझर्स’ हे तिचे नाव. टकला, चीजवेडा संशोधक वॉलेस, त्याचा अबोल पण मालकापेक्षा कितीतरी शहाणा कुत्रा ग्रोमिट आणि डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवून कोंबडी असल्याचे सोंग घेणारा एक पेंग्विन अशी तिच्यातली मंडळी. इंग्रजी संवाद आम्हां भावंडांना निम्मेच कळत असत. तरीही त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही ती कॅसेट इतक्या वेळा लावली की शेवटी आजीसुद्धा पेंग्विन आला की हातातले निवडणे बाजूला ठेवू लागली.

पुढे २०२५ च्या जानेवारीत तोच पेंग्विन ‘व्हेंजन्स मोस्ट फाउल’ या नव्या चित्रपटातून नेटफ्लिक्सवर परतला. तो पाहून माझ्या मुलीने विचारले, “बाबा, हा आधी कुठल्या गुन्ह्यात पकडला गेला होता?” या प्रश्नाचे उत्तर तिला मूळ लघुपट दाखवूनच द्यायचे असे मी ठरवले आणि त्या साध्या बेताला चार महिने लागले. त्या काळात दोन चुकीच्या डिस्क विकत घेऊन झाल्या, संगणकाचा ड्राइव्ह कायमचा कुलूपबंद झाला आणि कॅसेटची एक प्रत दुकानात बिघडली. हे लघुपट नव्याने शोधणाऱ्यांचा हा खटाटोप वाचावा म्हणून मी केलेल्या गोष्टी योग्य त्या क्रमाने येथे मांडत आहे. मी ज्या क्रमाने केल्या, तो क्रम कोणीही गिरवू नये.

एक कसोटी सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढचा प्रत्येक निर्णय तिच्यावर घासून पाहायचा आहे. ही पात्रे प्लॅस्टिसिनची, म्हणजे न वाळणाऱ्या तेलकट मातीची आहेत. शाडूची मूर्ती वाळली की तिला हात लावायचा नसतो. येथे मात्र कलाकाराला प्रत्येक फ्रेमसाठी बाहुलीला पुन्हा हात लावावा लागतो आणि त्याच्या बोटांचे ठसे तिच्यावर उमटत राहतात. दिग्दर्शक निक पार्क यांनी हे ठसे लपवले नाहीत. तुमच्या पडद्यावर ग्रोमिटच्या कपाळावरचे ठसे दिसत असतील, तर तुमची डिस्क, प्लेयर आणि टीव्ही यांची घडी नीट बसली आहे. ते दिसत नसतील, तर कोठेतरी काहीतरी चुकले आहे.

## १. काय पाहायचे, याची यादी आधी करा

बाजारात ‘संपूर्ण’ म्हणवणारे इतके संच आहेत की यादी हाती नसेल तर फसगत ठरलेली. मुख्य जोडगोळीचे जुने लघुपट चारच आहेत.

पहिला ‘अ ग्रँड डे आउट’ (१९८९). घरातले चीज संपल्यामुळे दोघे तळघरात रॉकेट बांधून चंद्रावर जातात, कारण चंद्र चीजचा आहे अशी वॉलेसची खात्री असते. निक पार्क यांनी तो १९८२ मध्ये ब्रिटनच्या नॅशनल फिल्म अँड टेलिव्हिजन स्कूलमध्ये विद्यार्थी म्हणून सुरू केला आणि पुढे ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओत नोकरी करता करता पूर्ण केला. त्यासाठी त्यांनी प्लॅस्टिसिन बनवणाऱ्या हारबट कंपनीला पत्र लिहून सुमारे एक टन माती मागवली होती. त्या मातीत दहा रंग होते आणि त्यांपैकी ‘स्टोन’ नावाच्या रंगातून ग्रोमिट घडला. हा लघुपट २३-२४ मिनिटांचा आहे. त्याचा वेग संथ आहे आणि बाहुल्याही नंतरच्या मानाने ओबडधोबड आहेत. ठसे सर्वांत ठळक दिसतात ते याच लघुपटात.

दुसरा ‘द राँग ट्राउझर्स’ (१९९३) आणि तिसरा ‘अ क्लोज शेव्ह’ (१९९५). दोन्ही अर्ध्या तासाच्या आसपासचे, दोन्ही बीबीसीवर नाताळच्या दिवसांत प्रथम दाखवलेले आणि दोघांनाही सर्वोत्कृष्ट लघु-अ‍ॅनिमेशनपटाचे ऑस्कर मिळालेले. पुढे स्वतःची मालिका मिळवणारे शॉन हे मेंढरू तिसऱ्यात प्रथम अवतरले. चौथा ‘अ मॅटर ऑफ लोफ अँड डेथ’ २००८ चा. त्यात दोघे बेकरी चालवतात आणि गावातल्या बेकरीवाल्यांचे एकापाठोपाठ एक खून पडत असतात. विनोदी लघुपटाला हा विषय कसा चालतो, हे पाहिल्यावरच पटते.

यांच्या जोडीला दोन गोष्टी यादीत असाव्यात. एक म्हणजे २००२ मधले ‘क्रॅकिंग कॉन्ट्रॅप्शन्स’ हे दहा चुटके. प्रत्येकात वॉलेसचे एक यंत्र आणि त्याची फजिती. दुसरी म्हणजे निक पार्क यांचाच ‘क्रिएचर कम्फर्ट्स’ (१९८९). अवघ्या पाच मिनिटांच्या या लघुपटात सामान्य माणसांच्या खऱ्याखुऱ्या मुलाखतींचे आवाज प्राणिसंग्रहालयातील मातीच्या प्राण्यांच्या तोंडी घातले आहेत. तिथल्या जेवणाविषयी आणि अपुऱ्या जागेविषयी ब्राझिलियन ढंगाच्या इंग्रजीत तक्रार करणारे पिंजऱ्यातले जनावर ज्याने पाहिले, तो ते विसरत नाही. १९९१ च्या ऑस्करला हा आणि ‘अ ग्रँड डे आउट’ समोरासमोर होते; जिंकला तो हा पाच मिनिटांचा. याच नावाची मालिका २००३ मध्ये आली, म्हणून विकत घेताना साल तपासावे.

सापळा: २००८ पूर्वीच्या संचात, वेष्टनावर काहीही लिहिलेले असले तरी, चौथा लघुपट असणे शक्य नाही. तीन लघुपटांचे संच जुन्या बाजारात आजही मुबलक आणि स्वस्त मिळतात. ते घेण्यात काहीच गैर नाही, मात्र आपण तीनच घेत आहोत हे माहीत असावे. २००९ च्या ‘द कम्प्लीट कलेक्शन’ या ब्लू-रे संचात चारही आहेत. २००५ चा ‘द कर्स ऑफ द वेअर-रॅबिट’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट असल्यामुळे तो वेगळाच घ्यावा लागतो.

## २. घरात काय आहे, ते पाहा

खरेदीच्या आधी पुढील वस्तूंची पाहणी करून घ्या. यांतील सर्व लागतीलच असे नाही. तुम्ही कोणत्या मार्गाने जाणार, यावर ते अवलंबून आहे.

- डीव्हीडी किंवा ब्लू-रे प्लेयर आणि त्याचा मूळ रिमोट. रिमोटवर थांबवण्याचे आणि एकेक फ्रेम पुढे सरकवण्याचे बटण आहे का, हे पाहा.
- एचडीएमआय केबल. जुना प्लेयर पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांच्या केबलने जोडलेला असेल, तर चित्र निष्कारण धूसर होते.
- प्लेयरचे माहितीपुस्तक, किंवा निदान मागच्या बाजूचा प्रदेशाचा शिक्का (कोणत्या देशांच्या डिस्क चालतील हे तो सांगतो; सविस्तर पुढच्या पायरीत). पृथ्वीच्या गोलाचे लहानसे चित्र आणि त्यावर एक आकडा, अशी ती खूण असते.
- कॅसेट असल्यास चालू स्थितीतला व्हीसीआर. नवे व्हीसीआर बनणे २०१६ मध्येच थांबले, म्हणून हा बहुधा नातेवाइकांच्या माळ्यावर शोधावा लागतो.
- मऊ, धागे न सोडणारे कापड. चष्म्याच्या डबीतले चालते.

मालिका पाहण्याच्या अ‍ॅपवर हे लघुपट मिळाले, तर ही सारी यातायात कशाला, असा प्रश्न रास्त आहे. मिळाले तर जरूर पाहावेत. ‘क्रॅकिंग कॉन्ट्रॅप्शन्स’मधले चुटके अधिकृत यूट्यूब वाहिनीवर आहेतही. परंतु अशा ठिकाणी लघुपट येतात आणि करार संपला की निघून जातात. शिवाय इंटरनेटचा वेग कमी झाला की चित्रातले बारकावे सर्वांत आधी गळतात, आणि आपल्याला नेमके बारकावेच हवे आहेत.

## ३. प्रदेशाचा आकडा जुळल्याशिवाय पैसे देऊ नका

माझे सर्वांत मोठे नुकसान या पायरीवर झाले, म्हणून येथे थोडे थांबतो.

डीव्हीडीसाठी जग वेगवेगळ्या प्रदेशांत विभागलेले आहे. भारत प्रदेश ५ मध्ये, ब्रिटन २ मध्ये आणि अमेरिका १ मध्ये येते. ब्लू-रेसाठी आकड्यांऐवजी अक्षरे आहेत: अमेरिकेसाठी ए, ब्रिटनसाठी बी आणि भारतासाठी सी. म्हणजे ब्रिटनमधून आणलेली डिस्क भारतात विकलेल्या प्लेयरवर चालेलच, असे गृहीत धरता येत नाही. मी एका विक्रेत्याकडून अमेरिकेची डीव्हीडी घेतली. ‘सर्वत्र चालते’ असे त्याने लिहिले होते. ती प्लेयरमध्ये घातली, तेव्हा काळ्या पडद्यावर प्रदेश चुकल्याची एक ओळ आली आणि डिस्क बाहेर आली.

मग मी ती संगणकात घातली. संगणकाच्या डीव्हीडी ड्राइव्हला प्रदेश बदलण्याची मुभा असते, पण ती फक्त पाच वेळा, हे मला ठाऊक नव्हते. एकदा अमेरिका, एकदा ब्रिटन, मध्येच मुलीच्या गाण्यांच्या डिस्कसाठी भारत, असे करत करत पाच संधी संपल्या आणि ड्राइव्ह शेवटच्या निवडीवर कायमचा अडकला. प्रत्येक वेळी पडद्यावर उरलेल्या संधींचा आकडा दिसत होता. मी तो न वाचताच ‘ठीक आहे’ दाबत गेलो.

यातून सुटण्याचा सरळ मार्ग म्हणजे सर्व प्रदेशांच्या डिस्क चालवणारा प्लेयर घेणे. येथेही एक खोच आहे. ‘सर्व प्रदेश’ असे लिहिलेले पुष्कळ ब्लू-रे प्लेयर फक्त डीव्हीडीच्या बाबतीत मोकळे असतात आणि ब्लू-रेच्या बाबतीत कुलूपबंद. म्हणून विक्रेत्याला दोन वेगळे प्रश्न विचारा आणि त्यांची उत्तरे लेखी घ्या: सर्व प्रदेशांच्या डीव्हीडी चालतात का, आणि ए, बी, सी या तिन्ही प्रदेशांच्या ब्लू-रे चालतात का? ४के अल्ट्रा एचडी ब्लू-रे डिस्कना प्रदेशाचे बंधन नसते, पण त्यांना वेगळा ४के प्लेयर लागतो, आणि त्याच डबीत जोडीला दिलेली साधी ब्लू-रे बांधलेली असू शकते.

यानंतर पाल आणि एनटीएससी या टीव्हीच्या चित्राच्या दोन वेगवेगळ्या पद्धतींचा प्रश्न. भारत आणि ब्रिटन दोन्हीकडे पाल पद्धत होती, म्हणूनच काकांची कॅसेट आमच्या व्हीसीआरमध्ये विनातक्रार चालली. भारतातले प्लेयर आणि टीव्ही सहसा दोन्ही पद्धती पचवतात. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी वाचकांनी मात्र सावध असावे. तिथले पुष्कळ प्लेयर पाल डिस्क वाचतच नाहीत, तेव्हा लंडनच्या मावशीने भेट दिलेली डिस्क न्यू जर्सीत शोभेची वस्तू होऊन बसते.

आवृत्त्यांमध्ये बारीक फरकही आढळतात. ‘द राँग ट्राउझर्स’च्या सुरुवातीला ग्रोमिटचा वाढदिवस असतो. त्याचे शुभेच्छापत्र उघडले की मूळ लघुपटात ‘हॅपी बर्थडे’ची धून वाजते, तर हक्कांच्या प्रश्नामुळे नंतरच्या काही आवृत्त्यांत तिथे दुसरीच धून घातलेली आहे. मला आधी वाटले की माझीच आठवण दगा देत आहे. कॅसेट लावून पाहिली तेव्हा खात्री पटली. जुनी कॅसेट घरात असेल तर ती टाकून देऊ नका, असे मी म्हणतो त्याचे हेही एक कारण.

सापळा: कंपनीने छापलेल्या डीव्हीडीची खालची बाजू चंदेरी असते. ती जांभळट दिसली, तर ती कोणीतरी घरी उतरवलेली प्रत आहे. जुनी डिस्क मागवताना विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचे छायाचित्र मागा. जो टाळाटाळ करेल त्याला टाळा.

## ४. परदेशातून मागवताना लागणारी कागदपत्रे

भारतात ही डिस्क दुकानात मिळण्याची शक्यता आता कमीच आहे, त्यामुळे बहुतेकांना ती बाहेरूनच मागवावी लागते. कुरिअरने येणाऱ्या पार्सलसाठी ग्राहकाची ओळख पटवावी लागते. त्यासाठी आधार, पासपोर्ट किंवा पॅन यांपैकी मागतील ते, पत्त्याचा पुरावा आणि खरेदीची पावती यांच्या स्वच्छ प्रती फोनमध्ये आधीच तयार ठेवा. पार्सलवरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव अक्षरशः जुळले पाहिजे. मी घाईत लाडके नाव लिहिले होते आणि पार्सल तेवढ्यासाठी नऊ दिवस अडकून पडले. सीमाशुल्क लागू शकते, तेव्हा डिस्कच्या किमतीवर खूश होण्याआधी टपालखर्च आणि शुल्क धरून बेरीज करा. कोणी ओळखीचे येणार असेल तर सामानातून मागवणे सर्वांत सोपे. डिस्क हलकी असते आणि लोणच्याच्या बरणीसारखी सांडत नाही.

## ५. जुनी कॅसेट असेल तर

कॅसेट सापडली की लगेच व्हीसीआरमध्ये घालण्याचा मोह आवरा. आपल्याकडच्या पावसाळी हवेत, विशेषतः कोकणात आणि मुंबई-ठाण्याच्या पट्ट्यात, टेपवर बुरशी धरते. कॅसेटच्या पुढच्या खिडकीतून टेपच्या गुंडाळीकडे तिरप्या उजेडात पाहा. कडेवर पांढरे ठिपके किंवा जाळे दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट चालवली तर टेप तुटू शकते, आणि बुरशी व्हीसीआरच्या हेडला चिकटून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. ती हे काम जाणणाऱ्याकडूनच साफ करून घ्यावी.

कॅसेट स्वच्छ असेल तर ती आधी एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे फिरवावी. वर्षानुवर्षे एकाच ताणावर राहिलेली टेप त्यामुळे सैल होते. मग व्हीसीआर, यूएसबी कॅप्चर कार्ड आणि संगणक यांच्या साहाय्याने ती उतरवून घेता येते. हे काम वाजण्याच्या वेगानेच होते, म्हणजे अर्ध्या तासाच्या लघुपटाला अर्धा तास लागतो. बाहेर दुकानात देणार असाल, तर दोन गोष्टी कागदावर लिहून द्या: चित्राचे प्रमाण ४:३ ठेवावे आणि रंग किंवा तीक्ष्णता यांत काहीही ‘सुधारणा’ करू नये. मी हे लिहून दिले नाही. दुकानदाराने आपुलकीने चित्र रुंद टीव्हीच्या मापाला ताणून दिले आणि वॉलेस पोळपाटावर लाटल्यासारखा आडवा झाला. मूळ कॅसेट शाबूत असल्यामुळे निभावले. अशी प्रत घरापुरतीच ठेवावी. ती इंटरनेटवर चढवणे हा हक्कांचा भंग आहे.

## ६. टीव्हीची ‘हुशारी’ बंद करा

या लेखातली एकच पायरी करायला तुम्हांला वेळ असेल, तर ही करा.

क्ले अ‍ॅनिमेशनमध्ये बाहुली किंचित हलवायची, एक छायाचित्र घ्यायचे, पुन्हा किंचित हलवायची, असे काम चालते. सेकंदाला चोवीस फ्रेम धरल्या, तर अर्ध्या तासाच्या लघुपटाला चाळीस हजारांहून अधिक फ्रेम लागतात. अनेकदा बाहुलीची एकच स्थिती सलग दोन फ्रेमसाठी ठेवतात, म्हणजे सेकंदाला बाराच निरनिराळ्या स्थिती उरतात. त्यामुळे हालचालीला एक सूक्ष्म ठेका येतो. ग्रोमिट मान वळवून प्रेक्षकांकडे पाहतो आणि क्षणभर स्तब्ध राहतो, तेव्हा हसू येते ते त्या ठेक्यामुळे.

आजचा टीव्ही या ठेक्याला दोष समजतो. दोन फ्रेमच्या मध्ये कशी असेल असे वाटते तशी फ्रेम तो स्वतःच्या मनाने तयार करून घुसडतो. क्रिकेटच्या सामन्याला हे ठीक आहे. मातीच्या बाहुल्या मात्र त्यामुळे तेलावरून घसरल्यासारख्या सरकू लागतात. माझ्या मुलीला पहिल्या दिवशी लघुपट “गेमसारखा” वाटला, तो यामुळेच. निरनिराळ्या कंपन्यांनी या सोयीला ट्रूमोशन, मोशनफ्लो, ऑटो मोशन प्लस अशी निरनिराळी नावे दिली आहेत. टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये जाऊन ती पूर्ण बंद करावी. ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो निवडला की हे आपोआप बंद होते.

त्याच यादीतल्या आणखी काही गोष्टी पाहून घ्या. ‘नॉइज रिडक्शन’ बंद करा, कारण तो फिल्मवरचे मूळचे बारीक दाणे पुसताना बोटांचे ठसेही पुसतो आणि बाहुल्या प्लॅस्टिकच्या दिसू लागतात. तीक्ष्णता कमी करा; ती वाढवली की वॉलेसच्या कानांभोवती पांढरी कडा दिसते. ‘व्हिव्हिड’ऐवजी ‘सिनेमा’ घ्या. चित्राचा आकार मूळ ठेवा. सुरुवातीचे लघुपट चौकोनी टीव्हीच्या काळातले असल्यामुळे जुन्या डिस्कवर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या दिसतील, त्या असू द्याव्यात. घरातले वडीलधारे “पडदा अर्धा रिकामा का?” असे विचारतील. आमच्याकडे वडिलांनी दोनदा रिमोट घेऊन चित्र ताणले; तिसऱ्यांदा मी त्यांना वॉलेसच्या घरातली गोल बशी दाखवली, जी ताणल्यावर लंबगोल होते. तेव्हापासून ते स्वतःच इतरांना ही बशी दाखवतात.

आता चाचणी. ‘अ ग्रँड डे आउट’ लावा, ग्रोमिटचा चेहरा जवळून दिसेल तिथे थांबवा आणि टीव्हीपासून हातभर अंतरावर उभे राहा. भुवईच्या वर, जिथे माती वर-खाली सरकवलेली असते तिथे, अंगठ्याच्या रेषा दिसायला हव्यात.

## ७. आवाज आणि उपशीर्षके

वॉलेसला पीटर सॅलिस यांचा आवाज आहे. २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ‘व्हेंजन्स मोस्ट फाउल’मध्ये तो बेन व्हाइटहेड यांनी दिला. उत्तर इंग्लंडच्या बोलीची ढब कानाला नवी असल्यास इंग्रजी उपशीर्षके लावण्यात कमीपणा मानू नये. लहान मुलांसाठी मात्र ती नसली तरी चालते, कारण गोष्ट सांगतो तो ग्रोमिट, आणि त्याला तोंडच नाही. ज्युलियन नॉट यांच्या संगीतातला बँडचा भरणा टीव्हीच्या स्पीकरमधून चपटा वाटतो. साधा साउंडबार असेल तर तो जोडावा.

## ८. दोनदा पाहा, आणि दुसऱ्यांदा रिमोट हातात ठेवा

पहिल्यांदा लघुपट न थांबवता, कोणालाही काही न समजावता पाहावा. मी मुलीच्या कानाशी “आता बघ, आता बघ” करत राहिलो आणि तिने मला खोलीबाहेर पाठवले.

दुसऱ्या वेळी थांबत थांबत पाहा. ‘द राँग ट्राउझर्स’च्या शेवटी दिवाणखान्यात खेळण्यातल्या आगगाडीवर पाठलाग होतो, रूळ संपत आल्यावर ग्रोमिट गाडीच्या पुढे बसून डब्यातले रूळ एकेक करून अंथरत जातो. तिथे फ्रेम थांबवा. मागची भिंत आडव्या रेघांत फराटलेली दिसेल आणि ग्रोमिट मात्र स्पष्ट, कारण छायाचित्र घेतले जात असतानाच कॅमेरा आणि गाडी सोबत सरकवली आहे. संगणकाचा वेग नाही. हाताने ढकललेला वेग आहे. एकेक फ्रेम पुढे सरकवत गेलात, तर रुळाचा प्रत्येक तुकडा त्याच्या हातातून जमिनीवर पोहोचेपर्यंत किती थोड्या स्थिती लागतात ते मोजता येते. आम्ही मोजल्या. पूर्ण पाठलाग मोजायला दोन संध्याकाळी लागल्या आणि आकड्यावरून बापलेकीत एकमत झाले नाही.

पेंग्विनकडे वेगळे लक्ष द्यावे. त्याला भुवई नाही, तोंड हलत नाही, डोळे म्हणजे काळे मणी. तरीही तो भीतिदायक वाटतो, तो निव्वळ किती कमी हलतो यामुळे. ग्रोमिटच्या कपाळावर दर क्षणी काही ना काही घडत असते आणि हा पुढ्यात ढिम्म. नव्या चित्रपटातही त्याला असेच ठेवले आहे, हे मुलीने माझ्याआधी ओळखले.

ग्रोमिटच्या हातातली पुस्तकेही थांबवून वाचण्यासारखी आहेत. ‘द राँग ट्राउझर्स’मध्ये तो ‘रिपब्लिक’ वाचतो, पण लेखक प्लेटो नसून प्लूटो आहे. ‘अ क्लोज शेव्ह’मध्ये तुरुंगात असताना ‘क्राइम अँड पनिशमेंट’ वाचतो आणि लेखकाचे नाव फिडो डॉग्स्टोयेव्हस्की. कॅसेटच्या काळात ही अक्षरे आम्हांला वाचताच आली नव्हती. ब्लू-रेवर ती स्वच्छ दिसली, आणि हा विनोद समजायला मला जवळजवळ तीस वर्षे लागली.

वॉलेस बोलत असताना मध्येच थांबवले, तर गालाखाली एक पुसट सांधा कधी कधी दिसतो. तोंडाचे निरनिराळे आकार आधीच करून ठेवलेले असतात आणि उच्चारानुसार ते बदलतात. तो सांधा हा डिस्कचा दोष नाही. पैसे परत मागू नका.

## ९. ठेवण्याची रीत

डिस्क पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसावी, गोल गोल फिरवून नव्हे. गोल ओरखडा वाचनाच्या दिशेनेच जातो आणि तो वाचणे प्लेयरला अवघड पडते. डिस्क डबीत उभी ठेवावी. कॅसेटही उभीच, पूर्ण मागे फिरवून, स्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि दर जून महिन्यात बदलाव्यात. नव्या बुटांच्या खोक्यातून निघणाऱ्या पुड्या आम्ही वर्षभर यासाठीच साठवतो. काकांची कॅसेट अशाच एका डब्यात आहे. वेष्टनाचा कोपरा आजीच्या हळदीच्या बोटांनी पिवळा झालेला आहे आणि तो मी पुसलेला नाही.